हायड्रोलॅस्टिक मिनीसाठी व्हॅक्यूमवाला हातपंप: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

माझी 1967 ची मिनी गाडी आहे, हायड्रोलॅस्टिक म्हणजे रबर आणि दाबाखालच्या द्रवावर चालणाऱ्या सस्पेन्शनची. राहतो बर्मिंगहॅमजवळ. तो द्रव भरायला हातपंप लागतो. पंप घेतल्याला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही उलटले, त्यामुळे आता ठामपणे सांगतो: पंप घ्या, पण हवा ओढून घेणारा, म्हणजे व्हॅक्यूमची सोय असलेलाच घ्या.

ब्रिटिश अभियंते ॲलेक्स मोल्टन यांचं हे हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन 1962 मध्ये मॉरिस 1100 मध्ये आलं आणि 1964 मध्ये मिनीला मिळालं. वेगळे शॉक ॲब्सॉर्बर नसतात. प्रत्येक चाकाला डिस्प्लेसर, म्हणजे रबर आणि द्रव असलेला बंद डबा, आणि एकाच बाजूची पुढची-मागची चाकं नळीने जोडलेली. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की द्रव मागे जातो आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. केवढी सुंदर कल्पना! पण आत हवा राहिली की सगळं बिघडतं, कारण द्रव दबत नाही, हवा दबते. ब्रेकला असते तशी हवा काढायची निपलही इथे नाही. नुसता द्रव भरणारा पंप गाडीची उंची जागेवर आणतो, हवा मात्र आतच कोंडून ठेवतो. म्हणून उंची मोजून समाधान मानू नका. पुढचा बंपर जोराने दाबा. मागची बाजू लगेच वर आली पाहिजे. माझी गाडी आधी नुसती पुढेच बसायची, मागे हालचाल जेमतेम.

आता पद्धत. मागच्या सबफ्रेमजवळच्या (चाकं-सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीजवळच्या) व्हॉल्ववर फडकं धरून दाब सावकाश सोडायचा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग व्हॅक्यूम साधारण 27 इंच पाऱ्यापर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं एकक) ओढायचा, पंपाचा नळ बंद करायचा आणि मापकाच्या काट्याकडे बघत थांबायचं. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. स्थिर राहिला तर द्रव आत सोडायचा. पंपाचा होज, म्हणजे लवचीक नळी, आधीच द्रवाने भरलेला असू द्या, नाहीतर काढलेली हवा परत आत जाते. शेवटी दाब मॉडेलनुसार 260 ते 290 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास आणायचा, आणि दोन्ही बाजू बरोबरीने. थोडी चालवून उंची पुन्हा तपासायची.

फरक? खराब रस्त्यावर गाडी आता झुलत नाही, ब्रेक दाबल्यावर नाक पूर्वीइतकं खाली जात नाही, आणि थंडीतही उंची टिकली.

तक्रारी आहेत. होज आखूड आहे, दुसऱ्या बाजूला गेलं की पंप उचलून न्यावा लागतो. 200 पीएसआयनंतर दांडा फार जड जातो. व्हॉल्वच्या जोडातला रबरी वॉशर हिवाळ्यातच चेपला आणि व्हॅक्यूम टिकेना. विक्रेत्याने सुटा वॉशर द्यायला बराच वेळ लावला. पंपाबरोबरच दोन-चार जास्तीचे मागवून ठेवा.

द्रवाच्या जागी साधं पाणी कधीही भरू नका. मूळ मिश्रणात पाण्याबरोबर अल्कोहोल असतं ते गोठू नये म्हणून, आणि गंजरोधकही असतं. गाडीखालच्या नळ्या पोलादी आहेत, आतून गंजल्या तर पंप काहीच करू शकत नाही.