आरएक्स ५८० म्हणून गळ्यात मारलेलं आरएक्स ४७०

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर टोकन पाठवण्याआधी हे वाचा. कार्डाचे ₹७,२००, त्याच्यासाठी घेतलेल्या एसएमपीएसचे (पीसीचा पॉवर सप्लाय) ₹२,६५०, दुरुस्तीवाल्याचे ₹६००. एकूण ₹१०,४५०. आणि पदरात काय, तर मायनिंगमध्ये, म्हणजे आभासी चलन कमावायला रात्रंदिवस चालवून, भाजून निघालेलं २०१६ सालचं मॉडेल, ज्यात दुसऱ्याच कार्डाचा बायोस (कार्डाचं नाव, वेग ठरवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलेला.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग संपलं आणि पोत्यांनी कार्डं बाजारात आली. ती धुऊनपुसून ‘फक्त लाइट गेमिंग’ म्हणून कशी खपवली जातात हे कोणाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. म्हणूनच जास्त आग होतेय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरला चार जीबीचं कार्ड पुरेना, नव्याचं बजेट नव्हतं, सीझन तोंडावर. जाहिरात दिसली: आरएक्स ५८०, ८ जीबी, ‘बायोस लेव्हल ओव्हरक्लॉक, १४११ मेगाहर्ट्झ’, म्हणजे बायोसमधूनच वेग वाढवलेला. भाव ₹८,०००, घासाघीस करून ₹७,२००. ₹७०० टोकन, बाकीचे ₹६,५०० कार्ड चालवून दाखवल्यावर. माणूस बोलायला गोड. ‘सर, तुमच्या घरी येऊन लावून देतो, तुम्ही डोळ्यांनी बघा, मग पैसे.’ घरी येऊन लावून देणारा चोर असेल असं कोणाच्या मनात येतं? आल्या आल्या म्हणाला, तुमच्या एसएमपीएसला हे झेपणार नाही. तो म्हणाला म्हणून मी त्याच दिवशी नवा आणला.

त्याने पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर टाकला, मग आणखी एक बारीकशी फाइल चालवली, पीसी रिस्टार्ट केला. विंडोजमध्ये नाव आलं, रेडिऑन आरएक्स ५८०. गेम लावला, दहा मिनिटं मक्खन. निघताना बजावून गेला, ‘सर, ड्रायव्हर अपडेट करू नका. हाच व्हर्जन बेस्ट आहे.’

आता त्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर काय काय होतं ते ऐका. कार्डाच्या वरच्या कडेला ड्युअल बायोसचा, म्हणजे आत साठवलेल्या दोन बायोसपैकी एक निवडायचा, छोटा स्विच होता, नखाने सरकवायचा. त्यावर हॉट ग्लूचा पिवळट थेंब. मी विचारलं, हे काय? ‘चुकून हलू नये म्हणून लावलंय.’ दुसरी गोष्ट त्याहून संतापजनक. मीच जीपीयू-झेड, कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं होतं. शेडर्सच्या (कार्डातले छोटे कोअर) रकान्यात २०४८. आरएक्स ५८० चे शेडर २३०४ असतात हे मला पाठ होतं, मी आदल्या रात्रीच स्पेसिफिकेशन बघितलं होतं. मी बोट ठेवून विचारलं. तो न अडखळता म्हणाला, ‘सर, इतका क्लॉक वाढवला की थोडे कोअर बायोसमधून बंद ठेवावे लागतात, नाहीतर तापतं.’

आणि हे मला पटलं. हसणाऱ्यांनी जरा थांबा. बायोसने कार्डाचे कोअर चालू होतात ही काही थाप नाही. आरएक्स ४६० चे ८९६ शेडर बायोस फ्लॅश करून, म्हणजे बदलून, १०२४ करता यायचे. सुरुवातीच्या काही ४ जीबीच्या आरएक्स ४८० वर प्रत्यक्षात ८ जीबी मेमरी होती, ती फ्लॅशने उघडायची. आरएक्स ४८० वर ५८० चा बायोस टाकून लोक मजेत वापरत होते, कारण दोन्हींत तेच २३०४ शेडर. हे सगळं वाचलेल्या माणसालाच ही थाप पचते. ज्याला काहीच कळत नाही तो ‘भाऊ, आकडा जुळत नाही, घेऊन जा’ म्हणून मोकळा झाला असता.

तर पहिलं सांगणं हेच: आकडा जुळला नाही की विषय संपला. स्पष्टीकरण ऐकूनच घेऊ नका.

काही दिवस कार्ड चाललं. मग रेंडर अर्ध्यात आला की स्क्रीन काळी. मग टाइमलाइनवर हिरव्या-जांभळ्या चौकटी, नवरीच्या तोंडावरच. तेवढ्यात विंडोजने आपणहून ड्रायव्हर अपडेट केला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्डच थांबवलं. विक्रेत्याला फोन केला तर उलट मलाच, ‘तुम्हाला सांगितलं होतं ना, अपडेट करू नका.’ दुसऱ्या फोनला रिंग वाजली, तिसरा लागलाच नाही. जाहिरात गायब, प्रोफाइल गायब. पार्टीला फाइल द्यायची होती, ती मी मित्राच्या मशीनवर रात्र काढून दिली.

दुरुस्तीवाल्याने आधी तो ग्लू चिमट्याने उपटला आणि स्विच पलीकडे सरकवला. पीसी चालू केला. नाव आलं, आरएक्स ४७०. दुसऱ्या खाचेत मूळ बायोस तसाच पडून होता, पुसायचे कष्टही त्या हरामखोराने घेतले नव्हते. ग्लू त्याच्यासाठी होता. कूलर काढल्यावर थर्मल पॅडचं तेल बोर्डभर पसरलेलं, चारांपैकी तीन स्क्रूंची डोकी झिजलेली.

ही कार्डं काढणाऱ्या एएमडीच्या मूळ मापात ४७० चा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, १२०६ मेगाहर्ट्झ, कार्ड १२० वॅटचं. ५८० चा बूस्ट १३४०, १८५ वॅट. माझ्या कार्डाला व्होल्टेज चढवून १४११ वर पळवत होते, मेमरीचे टायमिंगही मायनिंगवाल्यांसारखे आवळलेले. चिपमधले जे कोअर कंपनीनेच कायमचे बंद केलेत ते नाव बदलून उघडत नाहीत. स्प्लेंडरवर बुलेटचं स्टिकर लावण्यातला प्रकार. बायोसमध्ये असा हात घातला की त्याची डिजिटल सही जुळत नाही, आणि एएमडीचा ड्रायव्हर सही तपासतो. म्हणून ड्रायव्हरलाच पॅच मारावा लागतो. पेनड्राइव्हवरची ती बारीकशी फाइल म्हणजे हा पॅच. अपडेट झाला की पॅच उडतो आणि सोंग उघडं पडतं. कोणी ‘अपडेट करू नका’ म्हणालं तर तिथेच, त्याच्यासमोर अपडेट मारा.

आता पुढचा तमाशा. पोलीस चौकीत गेलो. पहिला प्रश्न, ‘कार्ड म्हणजे एटीएमचं का?’ समजावलं. ‘तुम्हाला वस्तू मिळाली ना? पैसे तुम्हीच दिले ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे.’ म्हटलं साहेब, मुद्दाम दुसऱ्या मालाचं नाव चढवून विकलंय, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. त्यावर, ‘तुम्ही वकील आहात का?’ सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी दिला का, लिंक दाबली का? नाही? मग हे आमच्याकडे नाही, चौकीत जा. बँक म्हणाली व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय. जाहिरातीचं अ‍ॅप म्हणालं आम्ही फक्त मध्यस्थ, तेही तयार छापील उत्तरात, खाली ‘तुमचा दिवस आनंदात जावो’. ग्राहक तक्रारीबद्दल विचारलं तर बिल आहे का? बिल देणारा माणूस हॉट ग्लू लावेल का? चौकीतल्या एका साहेबांनी तर सल्ला दिला, ‘जाऊ द्या ना, तुम्हीपण कोणालातरी विकून टाका.’ वर्दीतला माणूस मला हे सांगतो! सात हजारांसाठी कोण पळणार, असं तोंडावर म्हणाले. माझ्यासारखी किती गिऱ्हाइकं त्याने केली असतील, ते जोडून बघा म्हणावं. त्याचा यूपीआय आयडी, नंबर, घरी आला तेव्हाचं सोसायटीच्या गेटवरचं फुटेज, सगळं माझ्याकडे आहे, बघायलाच कोणी तयार नाही.

चौकीत गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांना पाठवता येते, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे. पोच आली, उत्तर नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि वस्तूच आली नसेल तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

आणखी एक. जीपीयू-झेड २०१८ पासून जुन्या एनव्हीडिया चिपवरची बनावट कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ दाखवतं. माझ्या कार्डावर तसलं काही आलं नाही, तेव्हा शिक्का दिसत नाही म्हणजे माल खरा, असं समजू नका. शेडर मोजा. ड्युअल बायोस असेल तर दोन्ही खाचांवर कार्ड चालवून बघा. ताण द्यायचा तर अर्धा तास द्या. आणि विक्रेत्याचा पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावू देऊ नका, ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच उतरवा.

फसला असाल तर मूळ बायोस परत टाकायची घाई करू नका. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘दोन मिनिटांत ४७० करून देतो.’ मी नको म्हटलं. खोटा बायोस पुसला तर दाखवायला उरतं काय? आधी त्याची फाइल काढून ठेवा, स्विचचे, स्क्रीनचे फोटो घ्या, ग्लूचा तुकडासुद्धा फेकू नका. माझा एका प्लास्टिकच्या पिशवीत आहे, तक्रारीच्या झेरॉक्ससोबत.