जुनी शिळा दुरुस्त करावी की ग्रॅनाइटची नवी पाटी लावावी?

भाच्याच्या गावात चावडीच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. गावातून किती जण गेले, किती कामी आले, एवढंच तिच्यावर. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. आता भाचा विचारतो, "मामा, हीच नीट करायची की ग्रॅनाइट लावून नव्यानं लोकार्पण करायचं?"

खर्चाचं म्हणाल तर ग्रॅनाइटचा हिशेब सोपा, फुटावर दर. दुरुस्तीत सामान स्वस्त, मजुरी महाग; चुन्याचं काम येणारा गवंडी शोधण्यातच महिना जातो.

टिकण्यात मात्र उलटं आहे. ग्रॅनाइट ऊनपावसाला दाद देत नाही, पण त्यावरची अक्षरं बहुतेकदा मशीननं वरवर कोरून सोनेरी रंग भरलेली. रंग उडाला की पाटी कोरी दिसते. जुन्या पाटीवरून बोट फिरवलं, तर छिन्नीचा घाव नखाला लागतो. तिचं खरं नुकसान केलंय सिमेंटनं. सांधे सिमेंटनं बुजवले, ओल आत अडकली, क्षार वर आले. वर कुणीतरी ॲसिडनं धुतली! संगमरवर ॲसिडनं विरघळतो. साधं पाणी, मऊ ब्रश, सांध्यांना चुना, आणि चुना घट्ट होईपर्यंत वर ओलं गोणपाट. बस्स.

पाटी फुटून अक्षरं गेली असतील किंवा नावंच कधी कोरली नसतील, तर ग्रॅनाइट लावा, पण शेजारी. अक्षरं वाचता येत असतील तर जुनीलाच हात द्या. लोकार्पणाला मंत्री हवेत आणि तारीख पंधरा दिवसांवर असेल, तर मात्र ग्रॅनाइटच होईल.