डबा रात्रीच करून ठेवायचा की सकाळी ताजा?

सकाळी ताजं केलेलं चवीला भारीच, पण चिराचिरीतच अर्धा वेळ जातो आणि गरम गरम भरून लगेच झाकण लावलं की वाफेनं सगळं ओलं होतं. मला तरी रात्रीचंच बरं वाटतं, फक्त भात असेल तर पसरून पटकन गार करा आणि 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, कारण त्यातले काही जिवाणू शिजवूनही टिकतात, बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांचं विष मग परत गरम करूनही जात नाही, हे खरंच सांभाळा!! सॅलड मात्र सकाळीच, मीठ लावलं की पाणी सुटतं. सणाला बिस्किटं करायची तर पीठ आदल्या रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवा, बटर घट्ट राहतं आणि भाजताना ती पसरत नाहीत.