तलंगा म्हणून गळ्यात मारलेल्या म्हाताऱ्या लेअर कोंबड्या

परसात दहा-बारा कोंबड्या पाळून घरच्यापुरती अंडी मिळवावीत, असे ठरवणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न असतो तो पिल्ले आणायची की मोठ्या माद्या, हा. एका दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात. परंतु त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअसची ऊब द्यावी लागते, राणीखेत आणि गंबोरो या रोगांच्या लसी वेळच्या वेळी टोचून किंवा पाजून घ्याव्या लागतात, आणि एवढे करून अंड्यांसाठी पाच-सहा महिने थांबावे लागते. त्यामुळे नव्याने सुरुवात करणारा माणूस साहजिकच तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तरुण माद्या, शोधतो, आणि ही गरज ओळखून बसलेले विक्रेते त्याला नेमके तिथेच गाठतात.

वाई तालुक्यातील आमच्या घरासाठी मी मोबाइलवरची अशीच एक जाहिरात पाहून बारा तलंगा आणि एक कोंबडा मागवला. मोकळ्या रानात वाढवलेल्या, साडेचार महिन्यांच्या, सर्व लसी झालेल्या तपकिरी गावरान तलंगा, असे तिचे वर्णन होते. तलंगेचा दर 450 रुपये, कोंबड्याचे 600, म्हणजे एकूण 6,000 रुपये. त्यांपैकी निम्मे आगाऊ द्यायचे होते. दुपारी येणारा टेम्पो रस्त्यात पंक्चर झाल्याचे फोनवर कळत राहिले आणि तो दारात आला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. क्रेटमधून एकेक पक्षी पायाला धरून काढायचा आणि थेट खुराड्यात सोडायचा, असे करत दोघांनी दहा मिनिटांत काम उरकले, राहिलेली रक्कम रोख घेतली आणि पावती सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवतो, असे सांगून ते गेले. ती पावती कधीच आली नाही. हाच माणूस इतर गावांतही रात्रीच माल पोहोचवतो, असे मला पुढे समजले, त्यामुळे त्या पंक्चरवर माझा विश्वास उरलेला नाही.

सकाळच्या उजेडात पक्षी पाहिले तेव्हा त्यांच्या माना आणि पाठी जागोजागी उघड्या पडलेल्या होत्या, चोचींची टोके कापून बोथट केलेली होती, आणि नख्या इतक्या वाढल्या होत्या की काहींच्या पुढे वळून आल्या होत्या. खुराड्याचे दार उघडे ठेवूनही एकही बाहेर पडेना. उचलून उकिरड्याजवळ ठेवल्या, तर ठेवल्या जागी उभ्या राहिल्या. एकीनेही पायाने माती उकरली नाही. रानात वाढलेली कोंबडी उकिरड्यावर गेल्यावर उकरल्याशिवाय राहत नाही, हे कोणत्याही खेड्यातल्या माणसाला ठाऊक आहे. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो अजिबात गडबडला नाही. "दादा, जागा बदलली की कोंबडी बावरते. चोच लहानपणीच कापतो, नाहीतर एकमेकींना टोचून मारतील. आठवड्यात अंडी चालू नाही झाली तर माल परत," असे त्याने छातीठोकपणे सांगितले.

आणि अंडी खरोखरच चालू झाली, तीही दुसऱ्याच दिवशी. या फसवणुकीतला सर्वांत धूर्त भाग हाच आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्या, म्हणजे व्यावसायिक शेडमध्ये अंड्यांसाठीच पाळलेल्या कोंबड्या, साधारण अठरा-वीस आठवड्यांच्या झाल्यावर अंडी देऊ लागतात आणि दीड वर्षाच्या आसपास, अंडी घटून खाद्याचा खर्च परवडेनासा झाला की, शेडमधून काढून किलोच्या भावाने व्यापाऱ्याला दिल्या जातात. अंडी घटतात, परंतु लगेच थांबत नाहीत. त्यामुळे नव्या घरी आल्यावरही त्या काही दिवस अंडी देतात, गिऱ्हाईक खूश होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोच नंबर देते, आणि विक्रेत्याची पुढची खेप परस्पर विकली जाते. आमच्या आळीतल्या आणखी दोन घरांनी त्याच आठवड्यात त्याच्याकडून माल घेतला. पुढे शेडमधला रात्रीचा दिवा नाही, लेअरचे खाद्य नाही, अशी स्थिती आली की या कोंबड्या पिसे टाकू लागतात आणि अंडी बंद होतात. आमच्याकडेही तेच झाले. तोपर्यंत अर्थातच त्याची आठवड्याची हमी उलटून गेली होती आणि आमचे नंबर ब्लॉक झाले होते.

खरे तर पहिली अंडीच पुरेशी बोलकी होती. तलंगेची सुरुवातीची अंडी लहान असतात. ही चांगली मोठी होती आणि कवच मात्र इतके पातळ, की दोन अंडी हातात घेतानाच चेपली. पशुवैद्यकीय दवाखान्यातील पर्यवेक्षकांनी एक कोंबडी काखेत धरून तिच्या शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटे टेकवून दाखवली, तेव्हा तिथे तीन बोटे सहज मावली. अंड्यावर न आलेल्या तलंगेत तिथे जेमतेम एक बोट बसते. दुसरी खूण त्यांनी पायांची सांगितली: पिवळ्या पायांच्या जातींत कोंबडी अंडी देऊ लागली की अंगातला पिवळा रंग क्रमाने उतरत जातो, आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, चोचीचा आणि शेवटी पायांचा, तेव्हा पाय पांढुरके पडले असतील तर ती काही महिने अंडी देऊन चुकली आहे, असे खुशाल समजावे. पिसे टाकून विसावलेल्या कोंबडीत हा रंग परत चढतो, त्यामुळे केवळ पायांवर न जाता हाडांमधले अंतरही पाहावे. कोंबडा मात्र खरोखरच तरणा निघाला, हे विक्रेत्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

चोच कापण्याचे त्याने दिलेले कारण खोटे नव्हते. दाटीने कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हणूनच ती कापतात. परंतु मोकळ्या रानात वाढवल्याचा दावा करणाऱ्याला ती कापण्याची गरज पडू नये. लसींचे जे कार्ड त्याने दाखवले होते, त्यावर ना लसीचा बॅच क्रमांक होता, ना कोणाची सही.

सांगली जिल्ह्यातील कडकनाथ कोंबडीपालनातल्या फसवणुकीचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, कारण त्यात हजारो शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये अडकले होते. पाच-सहा हजारांसाठी मात्र कोणी चौकीची पायरी चढत नाही, आणि असल्या विक्रेत्यांचा धंदा या हिशेबावरच चालतो. म्हणून आम्ही तिन्ही घरांनी मिळून जाहिरातीचे व पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून पोलिसांत लेखी अर्ज दिला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बिल नसले तरी ऑनलाइन दिलेली आगाऊ रक्कम आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण हा पुरावा हाती असतो, तो कोणी पुसून टाकू नये.

ज्यांना आत्ता सुरुवात करायची आहे त्यांनी आपल्या जिल्ह्यातील पशुसंवर्धन विभागाच्या सधन कुक्कुट विकास गटात किंवा पुण्यात खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात पिल्लांची चौकशी करावी. तलंगाच हव्या असतील, तर दिवसाउजेडी विक्रेत्याच्या जागेवर जाऊन, त्या खाताना आणि उकरताना पाहून, प्रत्येक पक्षी स्वतः हातात धरून निवडावा आणि पूर्ण रक्कम तिथेच बिलासह द्यावी. आमच्या विक्रेत्याची जाहिरात अजूनही दिसते. नाव आणि नंबर नवे आहेत, परंतु निळ्या प्लास्टिकच्या पिंपाशेजारी उभ्या असलेल्या तपकिरी तलंगांचा फोटो तोच आहे, आणि त्यातल्या तलंगांच्या चोची मात्र अखंड आहेत.