गोष्ट सुचायला काय बरं: फाशांचा तक्ता की चिठ्ठ्यांचा डबा?

लिहायला बसल्यावर काहीच सुचत नाही, तर यातलं काय करू, असं एका मैत्रिणीने विचारलंय. तक्त्यात फासा टाकून त्या आकड्यासमोरची नोंद घ्यायची; डब्यात कल्पना लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवून एक काढायची.

खर्च दोन्हींचा नगण्य. लुडोतला फासा नि पाठकोरे कागद पुरतात.

कमी मेहनतीत तक्ता सरस. पात्र, जागा, अडचण असे तीन रकाने, प्रत्येकात सहा नोंदी. १८ नोंदींतून २१६ जुळण्या. फासा तीनदा टाकला नि आलं: निवृत्त कंडक्टर, लग्नाचा हॉल, हरवलेली किल्ली. किल्ली कुणाची, हा प्रश्न पडला की पहिलं वाक्य येतंच. मात्र मोठ्या तक्त्यासाठी दोन फासे घेतले, तर त्यांची बेरीज धरू नका. ३६ शक्यतांत ७ ही बेरीज सहा वेळा येते, १२ एकदाच. एक फासा दशकाचा, दुसरा एककाचा धरा, म्हणजे ३६ नोंदींना सारखी संधी.

नावीन्य टिकवण्यात डबा पुढे. काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवली की डबा संपेपर्यंत ती परत येत नाही. तक्त्यात तोच कंडक्टर लागोपाठ येऊ शकतो. शिवाय बसमध्ये कानावर पडलेलं वाक्य लगेच चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकता येतं.

कथेचा सांगाडा हवा असेल किंवा वर्गात मुलांकडून लिहून घ्यायचं असेल, तर तक्ता. रोज पानभर लिहायचं असेल किंवा कवितेला एखादी ओळ हवी असेल, तर डबाच.