व्होर्टेक्स जनरेटर लावून काही महिने झाले: स्टॉलजवळ विमान कसं वागतं?

व्होर्टेक्स जनरेटर म्हणजे पंखावर चिकटवायची बोटभर पाती. त्यांच्या जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो: स्टॉल स्पीड, म्हणजे ज्या वेगाखाली हवा पंखावरून सुटते आणि पंख विमान पेलू शकत नाही तो, इतके नॉट (ताशी सागरी मैल) कमी होईल. काही महिने उडवून झाल्यावर मला तोच आकडा सगळ्यात बिनमहत्त्वाचा वाटतो. खरा फरक पडलाय तो एलेरॉनमध्ये, म्हणजे विमान कलतं करणाऱ्या पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्यांमध्ये.

विमान चार आसनी, एका इंजिनाचं, वरच्या पंखांचं. किट मंजुरी असलेलं. पंखाच्या पुढच्या कडेपासून थोडं मागे, तिरप्या जोड्यांनी ही पाती बसतात. प्रत्येक पात्यामागे हवेचा एक बारीक भोवरा तयार होतो आणि वरची वेगवान हवा पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या थरात ओढून आणतो. त्यामुळे नाक बरंच वर असतानाही प्रवाह पंखाला धरून राहतो. १९४० च्या दशकातली कल्पना आहे, मोठ्या जेट विमानांवरही दिसते.

पाती लावायच्या आधी मी त्याच चाचण्या करून ठेवल्या होत्या. शेजारी इन्स्ट्रक्टर, भरपूर उंची, इंजिन आयडलवर, वेग सेकंदाला एक नॉट या हिशेबाने उतरवत नेणं. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) वर आणि खाली दोन्हीकडे. नंतरही वजन आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी तेच ठेवलं. हे फार महत्त्वाचं, कारण स्टॉल स्पीड वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वजन १० टक्के कमी असेल तर स्टॉल स्पीड पाती न लावताही साधारण ५ टक्क्यांनी उतरतो. आधीची चाचणी भरल्या टाकीवर आणि नंतरची अर्ध्या टाकीवर केली, तर जळालेल्या इंधनाचं श्रेय किटला जातं.

दुसरा घोळ एअरस्पीड इंडिकेटरचा. नाक इतकं वर असताना वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर हवा सरळ येत नाही आणि स्टॅटिक (बाहेरच्या हवेचा) दाबही चुकतो. स्टॉलच्या थोड्या वरच्या स्थिर वेगाने वेगवेगळ्या दिशांना जाऊन, जीपीएसवरून वारा वजा करून सुईची चूक काढली. सुईवर दिसलेली घट आणि खरी घट यांत चांगलाच फरक निघाला. हिशेब करून हाती तीनेक नॉट राहिले.

पण पंखावर चिकटवलेल्या लोकरीच्या तुकड्यांनी वेगळंच दाखवलं. आधी पंखाच्या मुळाशी, विमानाच्या अंगालगत, सुरू झालेली वळवळ बघता बघता एलेरॉनपर्यंत पोचायची. एक पंख खाली जायचा आणि तो शेपटीवरच्या रडरनेच सावरावा लागायचा. आता मुळाशी लोकर उलटी फिरत असते आणि एलेरॉनच्या पुढची मात्र सरळ पडलेली. स्टिक हलवली की पंख ऐकतो. आडव्या वाऱ्यात शेवटच्या काही फुटांवर याचा जो उपयोग होतो, त्यासाठी मी पुन्हा हे किट घेईन.

मात्र हा शहाणपणा फसवाही आहे. पूर्वी स्टॉल आला की विमान नाक टाकून स्पष्ट सांगायचं. आता ते नाक वर धरून, अंग थरथरवत, नुसतं खाली बसत जातं. पंख सरळ, हातात ताबा, सगळं ठीक वाटतं. उतरण्याचा वेग दाखवणारी व्हर्टिकल स्पीडची सुई बघा म्हणजे कळेल. स्टॉलचा इशारा देणाऱ्या हॉर्नचंही तसंच. त्याची पाकळी जुन्याच कोनाला वाजते, पंख मात्र त्यापुढेही बराच टिकतो. म्हणजे इशारा लवकर मिळतो, आणि हळूहळू माणूस तो ऐकेनासा होतो. या दुसऱ्या भागाची मला जास्त काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात सापडणार नाही. मनुव्हरिंग स्पीड म्हणजे स्टॉल स्पीड गुणिले भारमर्यादेचं वर्गमूळ. ३.८ जी (वजनाच्या ३.८ पट भार) साठी हे वर्गमूळ साधारण १.९५ येतं. स्टॉल स्पीड ३ नॉट उतरला, तर सांगाड्यावर जादा भार येण्याआधी पंख स्टॉल होण्याची वेगमर्यादाही जवळपास ६ नॉट खाली येते. खडबडीत हवेत मी आता जुन्या आकड्यापेक्षा हळू उडतो.

लँडिंग? अ‍ॅप्रोच (धावपट्टीकडे उतरतानाचा वेग) ६० वरून ५५ नॉटवर आणला तर जिरवायची ऊर्जा १६ टक्क्यांनी कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाने बदलते. प्रत्यक्षात वारा झोतांचा असेल तर मी जुनाच वेग ठेवतो. क्रूझमध्ये फरक असलाच तर सुईच्या नेहमीच्या हलण्यात हरवून जाण्याइतका.

स्पिनची, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली पडण्याची, चाचणी केली नाही, करणारही नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी नासाने हलक्या विमानांच्या पंखाची पुढची कड खाली वाकवून प्रयोग सुरू केले. फक्त बाहेरच्या भागात केलेला बदल स्पिनला चांगला विरोध करतो, आणि तोच पूर्ण पंखभर केला तर स्पिन उलट बिघडू शकतो, हे त्यातून दिसलं. तेव्हा स्टॉल सौम्य झाला म्हणून स्पिनही सौम्य होईल, असं धरून चालू नये.

बाकी किरकिरी रोजच्या. कव्हर घालताना कापड अडकतं. पंख पुसायला दुप्पट वेळ. इंधन भरणाऱ्याने पाइप पंखावरून ओढला की एखादं पातं उडालंच. किती पाती गळलेली असताना उड्डाण चालतं, ते किटच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. तो कागद आणि दोनचार सुटी पाती मी विमानातच ठेवतो.