पहिला फ्लॅट टीव्ही: समोरून भारी दिसणारा घ्यावा की कुठूनही बरा दिसणारा?

जुना डबा टीव्ही एकदाचा बंद पडला आणि मला पहिल्यांदाच फ्लॅट टीव्ही घ्यायची वेळ आली, बजेट ठरलेलं, त्याच्या वर एक पैसा जाणार नाही असं घरात कबूल केलेलं. महिनाभर डोकं खाजवून शेवटी दोनच उरले. दोन्ही ४३ इंची, दोन्हीची किंमत जवळपास सारखी. एक ४के, व्हीए पॅनलवाला, त्यावर एचडीआरचा (उजळ-गडद भाग जास्त ठळक दाखवायचं तंत्र) स्टिकर वगैरे. दुसरा नुसता फुल एचडी, पण आयपीएस पॅनल. पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, व्हीए आणि आयपीएस हे त्याचे दोन प्रकार. एलईडी म्हणजे काय, पोर्ट किती, हे सगळं तुम्ही बघितलेलंच असेल, त्यामुळे ते सोडून देतो.

३२ की ४३ यात अडकलेल्यांसाठी एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ४३ चा पडदा ३२ पेक्षा क्षेत्रफळाने जवळजवळ ८० टक्के मोठा असतो, आकडा ११ नेच वाढलाय म्हणून फसायला होतं. आणि ३२ इंची एचडी रेडीचे (फुल एचडीच्या खालची पायरी) टिपके, म्हणजे पिक्सेल, आणि ४३ इंची फुल एचडीचे टिपके आकाराने जवळपास सारखेच निघतात, म्हणजे मोठा घेतला की फुटलेला दिसेल ही भीती फुल एचडी असेल तर उगाच आहे. भिंत आणि खिसा परवानगी देत असेल तर ४३ घ्या.

आता ४के. कागदावर फुल एचडीच्या चौपट टिपके, मान्य. पण ४३ इंचावर फुल एचडीचे टिपके सुटे दिसायचे तर साधारण साडेपाच फुटांच्या आत जाऊन बसावं लागतं, त्यापलीकडे नॉर्मल डोळ्याला ते कळत नाहीत. आमची बसायची जागा आठ-नऊ फुटांवर. मी दुकानात मुद्दाम तेवढं मागे जाऊन बघितलं, दोघांत फरक शोधत बसावं लागलं, आणि जो फरक शोधावा लागतो त्याचे पैसे का द्या? शिवाय घरात दिवसभर जे चालतं ते सेट टॉप बॉक्सवरचे साधे चॅनल, ते दोन्हीकडे सारखेच धुरकट. स्वस्तातल्या टीव्हीवरच्या एचडीआरबद्दल तर न बोललेलं बरं, सिग्नल घेतो पण तो दाखवायला लागणारा उजेड पडद्यात नसतो, कधी कधी उलट चित्र अंधारं होतं.

तरीही खरं सांगतो, मी ४केच घेणार होतो. कारण व्हीए पॅनलचा काळा रंग. तो खरंच काळा असतो, कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) ३०००:१ किंवा त्याच्या वर, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. रात्री दिवे बंद करून सिनेमा लावला की आयपीएसवर काळ्याच्या जागी राखाडी दिसतं, कोपऱ्यांत थोडा उजेड झिरपल्यासारखा वाटतो. व्हीएवर तसं नाही. समोर बसून बघणाऱ्या एकट्या माणसाला मी आजही व्हीएच घे म्हणेन.

घोडं अडलं ते दादाच्या घरी. दादाने तोच ४के माझ्या आधी घेतला होता आणि मी तिकडे दोन आठवडे राहायला होतो. पहिल्या दिवशी मी सोफ्यावर मधोमध बसलो, म्हटलं वा, आपलंही ठरलं. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर पोरं पसरलेली म्हणून मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो, ती आईची खुर्ची, आणि बातम्या सांगणारी बाई एकदम आजारी दिसायला लागली. चेहरा पांढुरका, काळे केस राखाडी, मागचा लाल पडदा विटलेल्या गुलाबी रंगाचा. मला वाटलं चॅनलचा प्रॉब्लेम असेल. उठून सोफ्यापाशी गेलो तर बाई ठणठणीत! परत खुर्चीत, परत आजारी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे मला वाटलं हे नवे टीव्ही असेच फिके असतात." दोन महिने ती तसंच बघत होती, बोलली नाही, कारण पोराने हौसेने आणलाय.

हा व्हीएचा स्वभावच आहे, बिघाड नव्हे. समोरून झकास, बाजूला सरकलं की रंग धुतल्यासारखे होतात. आयपीएसमध्येही थोडं होतं, नाही असं नाही, पण चेहऱ्याचा रंग टिकून राहतो. आणि आपल्या हे लक्षात का येत नाही तर जुना डबा कुठूनही सारखाच दिसायचा, जमिनीवर लोळून बघा की स्वयंपाकघराच्या दारातून बघा. त्यामुळे बाजूने कसा दिसतो हा प्रश्न दुकानात कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि दुकानातही तुम्हाला बरोब्बर पडद्यासमोर उभं करतात.

दादाने मग हात पुढे येणारा, फिरणारा ब्रॅकेट बसवून घेतला. संध्याकाळी आईच्या मालिकेला टीव्ही खिडकीकडे, वहिनी घरी आली की सोफ्याकडे, पोरं जमिनीवर बसली की खाली वाकवा. टेबल फॅन झाला त्या टीव्हीचा. त्यात एकाला नीट दिसलं की दुसऱ्याला फिकं, म्हणजे आधी रिमोटवरून भांडणं होती ती आता अँगलवरून. मी हे दोन आठवडे बघितलं आणि घरी येऊन फुल एचडी आयपीएस घेतला.

आता वर्ष झालं. काळा रंग राखाडी दिसतो ही तक्रार आहे, होती आणि राहील. त्यावर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा लावतो, खोली पूर्ण अंधारी नसली की डोळ्याला तो राखाडीपणा बराच कमी जाणवतो. स्मार्टपणा मात्र दोन्हीकडे रडकाच, रिमोटचं बटण दाबा आणि वाट बघा. पण त्याला उपाय आहे, मागच्या एचडीएमआय पोर्टला स्ट्रीमिंग स्टिक (ॲप चालवणारा छोटा तुकडा) लावली की काम झालं, उद्या ती जुनी झाली तर दुसरी लावता येईल. आवाज खालच्या बाजूने येतो आणि डबड्यासारखा असतो, तेही दोन्हीकडे सारखंच, पुढेमागे साउंडबार घेता येईल, फक्त एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने साउंडबारला पाठवणारं पोर्ट) आहे ना ते आत्ताच बघून ठेवा. पॅनल मात्र नंतर बदलता येत नाही, म्हणून माझं सगळं वजन तिकडे पडलं.

दुकानात जाणार असाल तर पेन ड्राइव्हवर आपली एखादी क्लिप न्या, ज्यात माणसांचे चेहरे आहेत अशी. त्यांची ती पोपट आणि फुलांची क्लिप कुठल्याही टीव्हीवर छानच दिसते. पिक्चर मोड व्हिव्हिडवरून (भडक रंगांवरून) स्टँडर्डवर आणायला सांगा आणि मग बाजूला चालत जा, तुमच्या घरातली सगळ्यात कडेची खुर्ची जिथे येईल तिथपर्यंत. पॅनल कुठलं हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, विक्रेत्यालाही माहीत नसतं. कॉन्ट्रास्टचा आकडा हजार-बाराशे असेल तर बहुतेक आयपीएस, तीन हजारांच्या वर असेल तर बहुतेक व्हीए, आणि लाखांत असेल तर तो जाहिरातीचा आकडा, सोडून द्या. एकाच सीरिजमध्ये ४३ ला एक पॅनल आणि ५० ला दुसरं असंही असतं, तेव्हा मित्राकडे मोठा बघून छोटा मागवू नका.

बजेटमध्ये ४के आणि आयपीएस दोन्ही एकत्र बसत असेल तर विषयच संपला, मला तेव्हा बसलं नाही. आणि तुमच्याकडे सगळेजण समोर एका ओळीत बसत असतील, किंवा तुम्ही एकटेच असाल, तर माझं ऐकू नका, व्हीए खुशाल घ्या. मी स्वतः अंधारातला एखादा सिनेमा बघायचा असला की दादाकडे जातो, जरा लवकर, म्हणजे सोफ्यावरची मधली जागा मिळते. आई मात्र हल्ली माझ्याकडेच जास्त असते, खुर्ची खिडकीजवळच ठेवलीय.